दोपारची पेरणी

बरबटी सरांच्या खिशात एखादे दिवशी रुमाल नसेल, पण बरबटीचे दाणे नाहीत असा दिवस मी पाहिला नाही. बरबटी म्हणजे पुण्याकडची चवळी. समोर येईल त्याच्या तळहातावर चार दाणे ठेवायचे आणि म्हणायचं, "लावजो." एसटीचा कंडक्टर, बँकेतली कॅशियर बाई, वरातीतला बँडवाला, कोणी म्हणून सुटलं नाही. एकदा दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात चिमटा होता, बोलता येईना, तरी डॉक्टरच्या कोटाच्या खिशात त्यांनी गुपचूप चार दाणे सोडलेच. 'लावजो' तेवढं म्हणायचं राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन पुन्हा गेले.

अमरावतीला एका विद्यार्थ्याच्या लग्नात तर कहर झाला. अक्षता वाटणारी मुलगी सरांच्या रांगेपर्यंत पोचलीच नाही. मंगलाष्टक संपलं, सगळ्यांचे हात वर गेले, सवयीने सरांचाही गेला आणि खिशातली मूठ थेट नवरदेवाच्या नाकावर बसली. तांदूळ आणि बरबटी यांतला फरक त्याला लगेच कळला, शेतकीचा पदवीधर होता तो. सर मात्र शांत. "पडली तं पडली," म्हणाले, "मांडवाच्या कडीले उगवन." हॉलच्या मागे खरंच एक वेल आला होता असं तिथला चौकीदार पुढे सांगायचा. त्यालाही सरांनी दाणे दिले असणारच, त्यामुळे त्याच्या साक्षीचं काही खरं नाही.

अकोल्याजवळच्या एका शेतकी कॉलेजात सर आम्हाला विस्तार शिकवायचे. विस्तार म्हणजे कॉलेजातलं ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. इतर प्राध्यापकांकडे परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, किडे टोचलेल्या पेट्या असत. सरांकडे एसटीचा पास आणि एक खाकी पिशवी. अकोल्याच्या उन्हाळ्यात, ज्याच्या नुसत्या नावाने अमरावतीकर कपाळाला रुमाल लावतात, त्या उन्हात सर भर बाराला हिंडायचे आणि परत येऊन वर्गात म्हणायचे, "आज दोन वावरं वाचून आलो." वावर म्हणजे शेत.

आणि हा माणूस अमेरिकेत शिकून आला होता. सांगूनही कोणाला पटायचं नाही. पायात चपला, बोलणं बाळापूरकडचं ठसठशीत वऱ्हाडी, इंग्रजीसुद्धा वऱ्हाडी चालीवर. बरं, अमेरिका म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं त्यातलं सरांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते गेले होते दक्षिणेकडच्या एका राज्यात, काळ्या लोकांच्या मुलांसाठी काढलेल्या शेतकी विद्यापीठात. निघताना एका नातेवाइकाने नाक मुरडलं होतं, "एवढ्या दूर जाऊन काळ्यायच्या कॉलेजात काहून जातं बाप्पा?" सर म्हणाले होते, "मंग मी कोनता गोरा हाओ?" विमानतळावरून बसने तासन्‌तास गेल्यावर खिडकीबाहेर पाहिलं तर काय, दोन्ही अंगांना पऱ्हाटी! म्हणजे कपाशीच. "मले वाटलं, गाडी फिरून दर्यापूरलेच आली," असं ते सांगत, आणि दर्यापूरची म्हणून मला ते ऐकताना उगाच मान मिळाल्यासारखं वाटे.

तिथल्या त्यांच्या गुरुजींना सर 'थोरले डॉक्टर' म्हणायचे. उंच, काळेभोर, पांढऱ्या केसांचे, आणि सरांच्या तोंडून ऐकावं तर अस्सल वऱ्हाडी बोलणारे. "थोरले डॉक्टर मले घ्याले आले. म्हने, काहून रे बाबू, जेवला काय? म्या म्हटलं, नाही जी. म्हने, चाल मंग, पयले वावर पाहून घेऊ." हॉस्टेलच्या आधी त्यांनी सरांना एका शेतकऱ्याच्या शेतावर नेलं, तिथेच बरबटी-भात खाऊ घातला. पहिलं वर्षभर मला वाटत होतं की अमेरिकेतही वऱ्हाड नावाचा भाग असावा आणि तिकडचे लोक आपल्यासारखेच 'जी' लावून बोलत असावेत. अजूनही मनाच्या एका कोपऱ्यात तसंच वाटतं.

त्या विद्यापीठाची गोष्ट सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचे. पुस्तकात ती नव्हती, परीक्षेतही यायची नाही. तिकडे सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, की यातून शेतकीची कॉलेजं काढा. कॉलेजं निघाली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांना त्यांचं दार बंद. ज्यांच्या आज्यापणज्यांनी गुलामीत दुसऱ्याचा कापूस वेचून जन्म काढले, त्यांनाच शेती शिकायची बंदी. मग पुष्कळ वर्षांनी सरकार म्हणालं, एक तर या मुलांना आत घ्या, नाही तर त्यांच्यासाठी वेगळं काढा. राज्यांनी वेगळी काढली, आणि देताना हात आखडता घेतला. "पन गंमत आयका," सर डस्टर टेबलावर आपटायचे. "मोठ्या कॉलेजायकडं इमारती होत्या. यायच्याकडं काय होतं? मंग यायनं काय केलं, गाडीले जनावरं जुंपली, गाडीत नांगर ठेवला, बियानं ठेवलं, लोनी काढाचं यंतर ठेवलं, अन् निंगाले गावोगाव. शेतकरी कॉलेजात येऊ शकत नाही न, मंग कॉलेजच त्याच्या वावरात. कापसानं माती थकली होती, तिथं यायनं बरबटी लावाले शिकवली, भुईमूंग शिकवला, रताळे शिकवले. बाया गेल्या, बायायले शिकवलं." एवढं सांगून ते थांबायचे आणि चष्मा पुसायचे. त्यांच्या त्या थांबण्याची मुलं नक्कल करायची. मीही केली आहे, आणि चांगली करायचे.

बरबटी आफ्रिकेतून त्या लोकांबरोबरच अमेरिकेत गेली, असं सर सांगायचे. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी ती खाल्ली की वर्ष चांगलं जातं अशी तिथे समजूत. म्हणून एक जानेवारीला आमच्या कॉलेजात केक नाही, बरबटीची उसळ. सर मोठ्या डावाने स्वतः वाढायचे. गमतीचा भाग असा, की सरांना ती अजिबात पचत नसे. हे तेव्हा फक्त त्यांच्या बायकोला, आमच्या बाईंना, ठाऊक होतं. नावच बरबटी सर पडल्यामुळे ते जिथे जातील तिथे लोक हौसेने बरबटीच रांधत आणि सर 'वा, वा' म्हणत खात. घरी परतल्यावर बाई ओवा तयार ठेवायच्या.

सरांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे वावर-भेट. पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरच्या शेतात ते एकदा जाऊन यायचेच. थोरल्या डॉक्टरांचा दंडक होता तो. "ज्याच्या घरची माती हाताले लागली नाही, त्याच्या डोस्क्यात मी काय घालू?" शेतात गेले की मूठभर माती उचलून हुंगायचे, बापाशी पिकापाण्याचं बोलायचे. मग घरी येऊन जेवायचे आणि जेवण झालं की विद्यार्थ्याच्या आईला एकच प्रश्न विचारायचे, "वहिनी, तुमच्या वावरात काय कमी हाय?" बापाला हे कधीच विचारत नसत. बाप म्हणणार पाणी, नाही तर भाव. आई मात्र म्हणायची, "सर, एवढं मोठं वावर, पन घरी भाजी बाजारातून येते." मग सर खिशात हात घालायचे.

आता माझं सांगते. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एकटी अशी होते जिच्या घरी वावर नव्हतं. मोठं नाही, छोटं नाही, कोरडवाहू नाही, धुऱ्याएवढं, म्हणजे बांधाएवढंसुद्धा नाही. माझे अब्बा दर्यापुरात पिंजारी. लोकांच्या गाद्या-रजया भरून द्यायचे. अम्मी त्यांना टाके घालायची. घरात बाराही महिने कापूस, नाकात कापूस, चहात कापूस, पण कापसाचं झाड आमच्या दारात कधी उगवलं नाही. मला मात्र शाळेपासून झाडापिकांचं वेड. मार्क मिळाले, शेतकीला नंबर लागला, आणि अब्बांनी हो म्हटलं.

त्यावर माझे मामू खवळले. मामूंचं अमरावतीला सायकलच्या सामानाचं दुकान आणि तोंडात कायम एक तयार वाक्य. "ज़मीन एक बालिश्त नहीं और लड़की खेती पढ़ रही है! ये तो ऐसा हुआ के घोड़ा नहीं और नाल ठोकना सीख रहे." त्यांच्या मते मी अमरावतीला येऊन औषधांचा कोर्स करावा, ओळखीच्या दुकानात बसावं. मामू वाईट नव्हते. माझं भलंच बघत होते, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येईना. आणि त्यांच्या बोलण्यात तथ्य होतंच. अब्बांनाही ते टोचत होतं. शेवटी असं ठरलं की दिवाळीच्या सुट्टीत अब्बा काय तो निकाल देतील. सुट्टी लागली आणि मी घरी आले. जमीन नसलेल्या मुलीने शेतकी शिकावी की नाही, हाच प्रश्न होता.

नेमका तेव्हाच सरांचा फोन आला. अब्बांनी उचलला. "गुरवारी तुमचं वावर पाहाले येऊन राहिलो." आता पाहुण्याला 'येऊ नका' म्हणणं आमच्या अब्बांना जन्मात जमलं नव्हतं, आणि पोरीच्या मास्तरांना फोनवर 'वावर नाही' सांगायची त्यांना लाज वाटली. ते म्हणाले, "या जी, या." फोन ठेवला आणि तसेच टोपी घालून बाहेर पडले.

गेले ते देवमनकाकांकडे. काका गावालगतचे शेतकरी. दर हिवाळ्यात त्यांच्या घरच्या रजया अब्बाच भरत, आणि दोघांची दोस्ती अशी की भांडण झालं तरी एकाच बिडीवर. अब्बांनी काकांकडे एका दिवसापुरतं वावर मागितलं. माणसं भांडी मागतात, सतरंजी मागतात. अब्बांनी उभ्या पिकासकट शेत मागितलं. आणि काकांनी दिलं! म्हणाले, "गुरवारी तुमी मालक, मी सालदार. काई चिंता करू नका." मला हे सगळं बुधवारी संध्याकाळी कळलं, तेव्हा अम्मी डोक्याला हात लावून बसली होती.

गुरुवारी सर अकोल्याच्या गाडीने उतरले. अब्बा त्यांना घेऊन शेतात गेले, मी मागे. अब्बांनी ईदचा पांढरा कुर्ता घातला होता. चिखल असता तर पंचाईत होती. देवमनकाका फाटकं बनियान घालून, हातात विळा घेऊन, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी म्हणून उभे. त्यांचा रुबाब मात्र मालकाचाच होता, बनियानाने तो काही झाकला जाईना. कपाशी फुटून पांढरी झाली होती. सर खूश.

"पऱ्हाटी मस्त हाय," सर म्हणाले.

अब्बांनी एक बोंड तोडून रुईतून बोट फिरवलं. "रुई लंबी हाय जी." इथपर्यंत त्यांच्या धंद्यातलं होतं.

"अन् हे तूर कोनती?" सरांना वाण विचारायचा होता.

"आपलीच," अब्बा म्हणाले.

सरांनी मान डोलावली. मूठभर माती उचलली, हुंगली. मग अगदी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "पेरनी कधी केली?"

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मग गळ्यातल्या दुपट्ट्याने घाम पुसून म्हणाले, "दोपारी."

सालदाराला हे सोसवेना. विळा खाली टाकून देवमनकाका ओरडले, "अजी दोपारी काय दोपारी! मिरग लागल्यावर पेरली, अर्धी निंगालीच नाही, मंग पुन्हा खाडे भरले, कंबर मोडली माही!" एवढं बोलून त्यांना आपला हुद्दा आठवला. जीभ चावून म्हणाले, "...असं मालक सांगून राहिले होते."

मी जमिनीत जागा शोधत होते. सर मात्र गंभीर. म्हणाले, "दोपारची पेरनी बरी असते. सकायी मानूस घाईत राह्यते." आणि पुढच्या तासाकडे, म्हणजे पिकाच्या ओळीकडे, चालू लागले. अब्बांच्या जिवात जीव आला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "देखा? जम गया."

घरी मामू येऊन बसलेले होते, अमरावतीहून खास. अम्मीने अर्थातच बरबटीची उसळ केली होती. सर 'वा, वा' म्हणत जेवले. हात धुतले, आणि मग त्यांनी माझ्या अम्मीला त्यांचा तो नेहमीचा प्रश्न विचारला. "वहिनी, तुमच्या वावरात काय कमी हाय?"

अम्मीला खोटं बोलता येत नाही. तिने पदर सावरला, अब्बांकडे बघायचं टाळलं आणि म्हणाली, "वावरच कमी हाय, सर."

अब्बांची मान खाली गेली. त्यांच्या त्या कुर्त्याच्या कॉलरला कापसाचा एक पुंजका अडकला होता, तो मला अजून दिसतो. मला अब्बांची इतकी दया आणि इतकी माया कधी आली नव्हती. पोरीसाठी या माणसाने एक दिवस शेतकरी व्हायचं ठरवलं होतं, आणि तेही जमलं नाही.

मामूंना आयती संधी मिळाली. "अब आप ही बताइए सर. ज़मीन नहीं, तो ये इल्म किस काम का? लड़की का साल बरबाद हो रहा के नहीं?"

सर म्हणाले, "वावर यायचं नाही, हे मले धुऱ्यावरच समजलं होतं." मग जरा टेकून बसले. "मामूजी, माह्या गुरुजीच्या बापाच्या नावानं जमीन नव्हती. आज्याच्या तं नव्हतीच, आजा सोताच दुसऱ्याच्या नावावर होता. त्या कॉलेजात जे पोट्टे येत, त्यायच्यातल्या किती जनायच्या घरी वावर नसे. पन तेच पोट्टे पुढं गाडी जुंपून गावोगाव गेले. ज्याचं वावर असते न, तो आपल्या वावराचं पाह्यते. ज्याचं नसते, त्याले साऱ्यायच्या वावराचं पाहा लागते. मले असेच पोट्टे पाह्यजेत. वर्गात एक तं आली यंदा."

"वो सब ठीक है, मगर..."

"मगर काय जी? डॉक्टर व्हासाठी पयले बिमार पडा लागते काय?"

अमरावतीच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारे मामू, त्या दिवशी त्यांनी फक्त पाणी मागितलं. अम्मी तोंडाला पदर लावून हसत होती.

दारात देवमनकाका अजून त्या फाटक्या बनियानातच उभे होते. ते म्हणाले, "मी वावर एका दिसासाठी देल्लं होतं. आता असं करा, पोट्टी शिकेपर्यंत राहू द्या तिच्याकडं. समदं नाही, चार तासं. काय लावाचं ते लाव बापा, फक्त पेरनी सकायी कर."

अब्बांचा निकाल अजून बाकीच होता. मी रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी पाहिलं तर अब्बा पिंजणीच्या यंत्रापाशी. माझ्या हॉस्टेलची गादी त्यांनी उसवली होती आणि नवा कापूस भरत होते, दाबून दाबून. मी समोर उभी राहिले तेव्हा म्हणाले, "डिग्री होएतक दबेगी नहीं." एवढाच त्यांचा निकाल. मी तिथेच कापसाच्या ढिगावर बसून रडले, आणि अब्बा म्हणाले, "उठ, माल गीला हो रहा."

पुढच्या हंगामात देवमनकाकांच्या कपाशीत मी चार ओळी बरबटी लावली. सर दोनदा येऊन गेले. मोठा चमत्कार वगैरे झाला नाही. अर्धी शेरड्यांनी खाल्ली आणि उरलेल्यावर माव्याची कीड पडली. पण देवमनकाकांच्या घरच्या काकू म्हणाल्या, यंदा श्रावणात भाजी विकत आणली नाही. शेवटी वेल खत म्हणून मातीत गाडले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी काकांनी चाराच्या आठ ओळी केल्या. अब्बा तर हटकून दर शुक्रवारी नमाजानंतर सायकलने त्या शेतावर जायचे. 'मालक आले' असं काका ओरडून सांगायचे. आणि सर? त्यांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा कधी काढला नाही, थट्टेनेसुद्धा नाही. फक्त भेटले की विचारायचे, "अब्बाचं वावर कसं हाय?" आणि मी तितक्याच सरळ चेहऱ्याने सांगायचे, "मस्त आहे सर." होता होता सगळेच त्या तुकड्याला अब्बांचं वावर म्हणू लागले. देवमनकाकांची नातवंडं आजही तसंच म्हणतात, त्यांना मूळ कथा माहीत नाही.

चारही वर्षं मी सरांबरोबर हिंडले. शेअरच्या जीपमध्ये मागे पाय लोंबकळत ठेवून, मांडीवर बियाण्याची पिशवी. बायकांच्या बैठकीत सर मलाच बोलायला लावायचे आणि स्वतः ओट्यावर लांब बसून डोळे मिटायचे. झोपले असं वाटायचं. पण मी काही चुकीचं बोलले की एक डोळा उघडे. डिग्री झाली, पुढचं शिक्षण झालं, आणि आता मी अचलपूरकडच्या एका शेतकी कॉलेजात तोच विषय शिकवते. परीक्षेत न येणारी गोष्ट मीही पहिल्या तासाला सांगते. माझे थोरले डॉक्टरही वऱ्हाडीच बोलतात.

सर रिटायर झाले. निरोपाच्या समारंभात भाषणाला उठले आणि म्हणाले, "बोलाचं काय हाय? माहा पास आता मले काढून घेतीन, तेवढंच दुःख." आमच्या बाई वारल्यावर लेकीने त्यांना अमरावतीला आपल्या फ्लॅटमध्ये नेलं. तिसरा मजला, खाली फरशी, वर फरशी. बाळापूरकडची जमीन भावाकडे. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हिंडणं थांबलं.

गेल्या हिवाळ्यात माझे अब्बा गेले. शेवटपर्यंत यंत्रावर बसत होते. सरांना येता आलं नाही, फोनवरही ते नीट बोलू शकले नाहीत. त्यानंतर घरी जो कोणी येई तो अब्बांबद्दल हळू आवाजात बोलायचा, आणि मलाही तसंच बोलायची सवय लागली. महिनोन्‌महिने मी अब्बांच्या आठवणीने एकदाही हसले नव्हते. ज्या माणसाने आम्हाला जन्मभर हसवलं त्याच्याबद्दल हे बरं नव्हतं, पण होत नव्हतं.

यंदा उन्हाळा सरताना मला सरांकडे जावंसं वाटलं. फोन केला आणि म्हटलं, "सर, गुरुवारी तुमचं वावर पाहायला येऊन राहिले."

पलीकडून नेहमीचा आवाज, "ये न बाई, ये."

गुरुवारी गेले. सर काठी घेऊन जिन्यातच उभे. घरात न नेता मला थेट गच्चीवर घेऊन गेले, एकेक पायरी थांबत, माझा आधार नाकारत. गच्चीवर बादल्या, डबे, फुटके माठ, आणि त्यांत वांगी, मिरच्या, गवती चहा, दोन गुलाब. बाजूला शेजारच्या फ्लॅटमधल्या एक काकू हातात झारी घेऊन अवघडून उभ्या होत्या. सरांनी काठीनेच सगळीकडे दाखवलं. "हे माहं वावर. अन् ह्या काकू मदतीले येतात."

मी सावकाश फिरून पाहिलं. सगळं टवटवीत, निगुतीने केलेलं. पण सगळ्या गच्चीत बरबटीचा एकही वेल नव्हता. काकू माझ्याकडे बघत होत्या, सर दुसरीकडे. मी वाकून एका बादलीतली माती मुठीत घेतली, हुंगली आणि म्हणाले, "मिरची मस्त आहे, सर. पेरणी कधी केली?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पंच्याने घाम पुसला, अगदी तसाच.

"दोपारी," ते म्हणाले.

मला हसू फुटलं. असं फुटलं की खाली पाण्याच्या टाकीला टेकून बसावं लागलं. सरही हसत होते, त्यांचा चष्मा वाफाळला होता. आणि हसता हसताच मला अब्बा दिसले, ईदच्या कुर्त्यात, कॉलरला कापूस, 'देखा? जम गया' म्हणणारे. मग मी रडले, पुष्कळ रडले, आणि सरांनी रडू दिलं. काकूंना काही कळेना. त्यांनी माझ्यासाठी पाणी आणलं आणि घाबरून खरं सांगून टाकलं, की कुंड्या त्यांच्या आहेत.

"मालूम हाय तिले," सर म्हणाले.

निघताना त्यांनी खिशात हात घातला. चार दाणे माझ्या तळहातावर ठेवले आणि माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

"अब्बाच्या वावरात लावजो," ते म्हणाले. "अन् दोपारीच लावजो."